टायरचा दिवा मी एकट्याने विझवला

३ नोव्हेंबर, सकाळ

आज गाडीच्या डॅशबोर्डवर नवा दिवा लागला. पिवळा. एक भांडं आणि भांड्यात उद्गारचिन्ह. देखणा आहे. इतकी वर्षं ही गाडी चालवतोय, हा दिवा कधी दिसला नव्हता. क्लच न जाळता, गिअर न खरडता कुणी नीट गाडी चालवली की गाडी अशी दाद देत असणार. ऑफिसच्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून जरा वेळ बघत बसलो. कौतुक कुणाला नको असतं?

३ नोव्हेंबर, संध्याकाळ

बायकोचं म्हणणं, ती दाद नाही, तक्रार आहे. कुठल्यातरी टायरमध्ये हवा कमी आहे. हे तिने फोनवर शोधलं, तेही चादरीची घडी घालता घालता. मी म्हणालो, मला माहीतच होतं, तुझी परीक्षा घेत होतो. ती म्हणाली, बरं.

तिचं हे 'बरं' मला आवडत नाही.

गाडी गॅरेजला टाका म्हणते. गॅरेजला! ज्या माणसाने फर्निचरच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं जोडणीची माहितीपत्रकं लिहिण्यात घालवली, ज्याचं 'आता भाग क हलकेच भाग ड मध्ये सरकवा' हे वाक्य वाचून घराघरांत कपाटं उभी राहिली, तो एका दिव्यासाठी गॅरेजची पायरी चढणार? आपला हात जगन्नाथ.

संकल्प: रविवारच्या आत दिवा विझवणे. स्वतः.

४ नोव्हेंबर

बायकोने अट घातली. आता त्या दिव्याला किंमत आली आहे.

त्याचं असं आहे. लेकीचे दिवस भरत आलेत. हॉस्पिटलमधून ती बाळाला घेऊन थेट आमच्याकडे येणार. जावई गुणी आहे, पण त्याला गाडी येत नाही. लायसन्सच्या परीक्षेत त्याने रिव्हर्स घेताना परीक्षकाचीच स्कूटर आडवी केली, तेव्हापासून स्टिअरिंगचा विषय काढला की तो पाणी प्यायला उठतो. तेव्हा बाळाला घरी कोण आणणार? मी, किंवा व्याही.

व्याह्यांची गाडी लांबलचक आहे, राखी रंगाची, आवाज म्हणून नाही. ते गाडी चालवायच्या आधी हात धुतात. बाकी माझी त्यांच्याशी काडीचीही स्पर्धा नाही. हे मी बायकोलाही सांगितलं. दोनदा सांगितलं. तिने विचारलं, मी विचारलं का काही?

तर अट अशी, की तो पिवळा दिवा पेटलेला असेल तर बाळ आपल्या गाडीत बसणार नाही. व्याही आणतील. मी म्हणालो, चालेल, दिवा उद्याच विझतोय.

गाडीचं मॅन्युअल समोरच्या कप्प्यात आहे. जाडजूड आहे. वाचणार नाही. मी स्वतः मॅन्युअल लिहितो. न्हावी कधी दुसऱ्या न्हाव्याकडे जाऊन शिकतो का, दाढी कशी करायची ते?

५ नोव्हेंबर, दुपार

विझला!!

इतकं सोपं काम आणि लोक गॅरेजवाल्यांची घरं भरतात. पेट्रोल पंपावर गेलो, हवेच्या मशिनशी गेलो, पाइप स्वतः हातात घेतला. हवा किती भरायची हा प्रश्न. पंपावरचा माणूस म्हणाला, दाराच्या कडेला स्टिकर असतो, त्यावर आकडा असतो. पण टायरच्या अंगावरच बारीक अक्षरांत एक आकडा कोरलेला सापडला. दाराचं दाराला माहीत, टायरचं टायरला. शेजारी 'मॅक्स' असंही लिहिलं होतं. आता पैकीच्या पैकी मिळत असताना पासापुरते मार्क घेऊन कोण येतं? चारही टायर काठोकाठ भरले. तो माणूस म्हणाला, साहेब, जास्त होतंय. मी त्याला एक समजूतदार हसू दिलं.

मग स्टिअरिंगच्या खाली एक बटण दिसलं, त्यावर तेच भांडं. दाबून धरलं. गाडी टुंग म्हणाली. दिवा गेला.

घरी येताना गाडी अशी उड्या मारत आली की काय सांगू. नुसती पाखरू झाली होती. टायर खूश असणार. गतिरोधकावर माझं डोकं छताला लागलं, तरी हसू थांबेना. बायकोला एक चक्कर मारून आणली. तिचंही डोकं लागलं. ती हसली नाही.

व्याह्यांना सहज फोन केला. हवापाण्याच्या गप्पा. ओघात दिव्याचं निघालं. ते म्हणाले, हं.

७ नोव्हेंबर

परत लागला.

गाडीची चूक नाही. रस्तेच खराब आहेत. शिवाय थंडी पडायला लागली आहे. शिवाय काल बायकोने गाडीत बसून दार आपटलं होतं.

इन्सुलेशन टेपचा एवढासा तुकडा कापून दिव्यावर चिकटवला. काळ्यावर काळा, कळतही नाही. जे दिसत नाही त्याचा त्रास होत नाही, हे तर कुणीही मान्य करील. बायको बाजारातून येताना शेजारी बसली, सिग्नलला वाकली आणि नखाने टेप काढली. काढून माझ्या शर्टाच्या खिशाला चिकटवली. 

संकल्प: यापुढे मुळाशी जायचं. वरवरचे उपाय बंद.

८ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

मुळाशी गेलो! 

सकाळी जुनी चटई टाकून गाडीच्या चारी बाजूंनी आडवा होऊन पाहणी केली. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी गॅलरीतून विचारलं, काही हरवलंय का. (हे तेच, ज्यांच्याशी पार्किंगच्या रेषेवरून माझं वाजलेलं आहे.) मी म्हणालो, हरवलं नाही, सापडणार आहे. आणि सापडलं!

मागच्या डाव्या टायरला, रस्त्याला टेकतो त्या भागात, एक स्क्रू आहे. चकचकीत, फुलीच्या खाचेचा, डोकं रबराशी अगदी सपाट. काय बसवलाय! आमच्या कारखान्यातसुद्धा असं काम आता कुणी करत नाही. मग उरलेली तीन चाकं पाहिली. एकालाही स्क्रू नाही.

थोडा वेळ चटईवर बसून राहिलो. मग मान्य करतो, मॅन्युअल उघडलं. फक्त एक पान, फक्त एक ओळ. तिथे छापलंय, की चाकाचाकांमध्ये फरक पडला की हा दिवा लागतो. लगेच मिटलं. सिद्धान्त हाती आला की पुस्तकाचं काय काम?

फरक! एका चाकाला स्क्रू आहे, तीन चाकांना नाही. याहून मोठा फरक कुठला? टेबलाच्या एका पायाला स्क्रू आणि तीन पायांना नाही, तर टेबल डुगडुगणारच. कारखान्यात हा पहिला नियम आहे. एकाला जे, ते चौघांना. कंपनी विसरली असेल, नाहीतर वाटेत गळून पडले असतील. इतकी वर्षं मी तीन स्क्रू कमी असलेली गाडी चालवत होतो, आणि तरीही कुणाला जाणवलं नाही. चालकाचं कौशल्य, दुसरं काय.

आहे तो स्क्रू पाऊण फेरी घट्ट करून ठेवला. जरासा फुस्स आवाज आला, मग बंद झाला.

बायकोला सांगितलं नाही. ती लगेच गॅरेज म्हणेल. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

१० नोव्हेंबर

मुलगी! मुलगी! मुलगी झाली!

सकाळी साडेसहाला जावयाचा फोन. तो रडत होता, त्यामुळे काय ते आधी कळेना. मी एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून निघालो, हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये बायकोने दाखवलं तेव्हा कळलं. लेक दमलेली होती, पण हसत होती. म्हणाली, बाबा, घ्या.

घेतली.

वजन म्हणाल तर काहीच नाही. आमच्या सगळ्यात छोट्या साइड टेबलाच्या खोक्याइतकंही नाही. एक डोळा उघडून तिने माझ्याकडे पाहिलं, बंद केला. मला वाटतं पसंत पडलो. कपाळ सरळ माझं आहे. व्याही तिथेच होते. ते म्हणाले, कान आमच्याकडचे आहेत. कान काय, सगळ्यांनाच असतात.

मग विहीणबाईंनी विषय काढला, की तेरा तारखेला घरी सोडणार आहेत, तर गाडी कुणाची. व्याही म्हणाले, माझी उभीच आहे. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, आमचा दिवा तोवर विझेल. व्याही म्हणाले, हं. आणि बाळाचं पांघरूण सारखं केलं. मला न विचारता.

हे इथे लिहायला हरकत नाही, कुणी वाचणार नाही. मला तिला माझ्या गाडीतून आणायचं आहे. बाकी काही नको. तिने पहिला रस्ता माझ्या काचेतून पाहावा. पुढे मोठी झाल्यावर कुणी विचारलं, तुला घरी कुणी आणलं, तर तिने सांगावं, आजोबांनी. कुठले आजोबा असा प्रश्न पडता कामा नये.

११ नोव्हेंबर

कारखान्याच्या स्टोअरमधून तीन स्क्रू घेतले. मूळचा फोटो काढून नेला होता, त्यामुळे डोकं, खाच सगळं बरोबर जुळलं. आमच्या चपलांच्या रॅकला येतात तेच निघाले. जग किती लहान आहे! स्टोअरवाल्याने विचारलं, कशाला हवेत. मी म्हणालो, नातीसाठी. तो म्हणाला, वा, पाळणा करताय वाटतं. मी म्हणालो, त्याहून मोठं काहीतरी. त्याने स्टुलावरून उठून माझा हात हातात घेतला. माझे डोळे भरून आले. त्याचेही आले असावेत, पण तिथे लाकडाचा भुसा फार उडतो.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. व्याही आधीच येऊन बसले होते. मला स्पर्धा नाही, फक्त उद्यापासून मी लवकर निघणार आहे.

१२ नोव्हेंबर, दुपार

अर्धी रजा टाकली. जागा: इमारतीमागचं पार्किंग. साधनं: ड्रिल, मोजपट्टी, खडू. मूळ स्क्रू टायरच्या कडेपासून जेवढा आत होता, तेवढंच अंतर प्रत्येक चाकावर मोजून खडूने खूण केली. मग एकेक बसवला. रबर चिवट, आत तारा लागतात, पण मी काही आज स्क्रू पिळत नाही. डोकं रबराशी सपाट! बोट फिरवलं तर कळतसुद्धा नाही.

प्रत्येक वेळी फुस्स आवाज आला. घाबरलो नाही. त्या दिवशी मी काठोकाठ भरली होती ना, ती जादा हवा. अति तेथे माती. आता योग्य तेवढीच राहील.

गाडीभोवती फिरून चारही चाकं पाहिली. चौघांना सारखं. इतकं समाधान मला मोठा दिवाण जोडल्यावरही झालं नव्हतं.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ

विझला! विझला! विझला!

बटण दाबलं, टुंग झालं, बाजारापर्यंत गेलो, पुलावरून गेलो, परत आलो. पिवळं काही नाही. काळाभोर डॅशबोर्ड! आणि गाडी काय चालते! उड्या नाहीत, दणके नाहीत, नुसती मऊ. गतिरोधक आले आणि गेले. वळणावर गाडी जरा रेलते, लाडात आल्यासारखी. व्याह्यांच्या गाडीत तरी याहून वेगळं काय असतं?

बायकोला खाली बोलावलं. ती आधी नखाने टेप आहे का बघत होती. नव्हती. चक्कर मारून आणली. ती सगळा वेळ दिव्याच्या जागेकडेच बघत होती. घरापाशी आल्यावर म्हणाली, की खरंच गेला हो, मला वाटलं नव्हतं तुम्हाला जमेल, चुकलं माझं.

चुकलं माझं. चुकलं माझं. चुकलं माझं. (तारीख लक्षात ठेवणे.)

काय केलंत, असं तिने विचारलं. मी म्हणालो, फरक मिटवला.

व्याह्यांना फोन केला. म्हणालो, उद्या तुम्ही तसदी घेऊ नका.  ते म्हणाले, मी सीटवर नवी चादर घालून ठेवली होती. मी म्हणालो, असू द्या, वाया जात नाही चादर. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. मग दिव्याची आठवण झाली आणि बरं वाटलं.

काचा पुसल्या. मागच्या सीटवर मऊ दुलई घातली.

१३ नोव्हेंबर, सकाळ

गाडी आज जरा ठेंगणी दिसते आहे.

१३ नोव्हेंबर, त्यानंतर लगेच

बसली आहे. चारही चाकांवर. रिम जमिनीला टेकली आहे. किल्ली फिरवून पाहिली. दिवा लागला नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. चारही टायर सपाट आहेत, पण एकमेकांत फरक नाही, आणि दिवा बंद आहे.

१३ नोव्हेंबर, दहा वाजता

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याला बोलावलं. नाइलाज होता, अकराला हॉस्पिटलातून सोडणार. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, शीळ घातली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, की साहेब, तुमचं कुणाशी वैर आहे का. चारही टायरना कुणीतरी ठरवून स्क्रू मारलेत. आणि ऐरागैरा माणूस नाही. सगळे एका अंतरावर, एका खोलीवर, एकही वाकडा नाही. कसलेला हात आहे.

मी थँक्यू म्हणता म्हणता थांबलो.

बायको तोवर चवताळली. कोण मेला तो, म्हणाली, पोलिसांत जाऊ. मग वर गॅलरीकडे बघून, मुद्दाम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, की पार्किंगच्या रेषेवरून माणसं इतक्या थराला जातील असं वाटलं नव्हतं. वरचे गृहस्थ दात घासता घासता बाहेर आले आणि बघतच राहिले. मी होय म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. फक्त मान अशी हलवली, की जग हे असंच आहे.

टायरवाला म्हणाला, चार पंक्चर म्हणजे दुपार होईल, आणि रिमवर वजन पडलंय, दोन टायर बहुतेक जाणारच. बोलता बोलता त्याने एक स्क्रू काढला आणि बायकोच्या हातावर ठेवला.

ती त्या स्क्रूकडे बराच वेळ बघत होती. आमच्या दाराशी चपलांचा रॅक आहे. तो मीच जोडलाय, पण रोज पुसते ती.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी काल तिथेच राहिलेल्या खडूच्या तुकड्यावर पाय ठेवून उभा होतो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वरच्या गृहस्थांना तिने हात जोडले, माफ करा म्हणाली. आणि विहीणबाईंना फोन लावला.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

आली. घरात आहे. आतल्या खोलीत झोपली आहे, म्हणून मी बारीक अक्षरात लिहितोय, उगाचच.

व्याह्यांनी आणली. मला घ्यायला ते आधी आमच्या दाराशी आले, आणि गाडीचं काय झालं याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं. बायको घर आवरायला मागे राहिली. येताना पुढे व्याही आणि जावई, मागे बाळाची खुर्ची मधोमध, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला मी. नव्या चादरीवर. मी ठरवलं होतं, की वाटभर व्याह्यांच्या चुका मोजायच्या. ते इतके हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते. चुका करायला वेगच नव्हता.

हॉस्पिटलच्या फाटकातून बाहेर पडल्यावर बाळाने जांभई दिली. सगळं तोंड उघडून. मी एवढी मोठी जांभई जन्मात पाहिली नाही. पुढून व्याह्यांनी विचारलं, काय करते आहे. मी सांगितलं, जांभई दिली. ते म्हणाले, अरेरे, हुकली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, मान ताठ. आरशात त्यांना फक्त मी दिसत होतो.

दर सिग्नलला तेच. आता काय करते आहे? शिंकली. आता? मूठ तोंडात घातली. आता? ते वळून बघणार तेवढ्यात हिरवा लागायचा आणि मागून हॉर्न. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की आज सगळं माझ्या मनासारखं झालं असतं तर तिथे मी बसलो असतो. हिच्यापुढे सगळा वेळ पाठ करून. मला इतका आनंद झाला की मी मांडीवर थाप मारली. लेक म्हणाली, बाबा, हळू.

मग तिने दोन्ही डोळे उघडले. एक नाही, दोन्ही. आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडेच, कारण हललो तर डोळेही हलले. तिने माझं बोट धरलं. पुढून व्याह्यांनी विचारलं, आता काय करते आहे?

मी म्हणालो, झोपली आहे.

लेकीने माझ्याकडे पाहिलं.  व्याही म्हणाले, झोपू दे, झोपू दे, आणि गाडी आणखी हळू केली. आता आम्ही जवळजवळ चालतच होतो. आरशात त्यांचं कपाळ दिसत होतं, घामाने भिजलेलं. थंडीत. खड्डा दिसला की ते स्वतःच श्वास रोखून धरत होते, जणू त्याने दणका कमी बसतो.

पुढच्या वळणापर्यंत मी कळ काढली. मग नाही निघाली. म्हणालो, व्याही, जागी आहे, कधीची जागी आहे, गाडी बाजूला घ्या आणि या मागे.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. नीट, इंडिकेटर देऊन. इंजिन बंद केलं, पट्टा सोडला, चष्मा पुसला, उतरून वळसा घालून माझ्या दाराशी आले. मी बाहेर येऊन त्यांना जागा दिली. ते आत वाकले.

तोवर ती झोपली होती.

आम्ही थांबलो. लेक म्हणाली, उठेल एवढ्यात. जावयाने उगाच खोकून पाहिलं. रस्त्याच्या कडेला आम्ही दोघं आजोबा दार उघडं धरून उभे होतो, पण ती काही उठली नाही. व्याही म्हणाले, हरकत नाही, गार वारा लागेल तिला. त्यांनी दार अगदी हळू लावलं आणि पुढे जाऊन बसले.

त्यानंतर घर येईपर्यंत त्यांनी मला काही विचारलं नाही.